लिफ्टनंतर जीप थरथरते? आधी कोन मोजा

पाटे उंच केलेली जीप यवतेश्वरचा घाट झकास चढते, पण साताऱ्याच्या हायवेला वेग घेतला की बुडाखालून घुमायला लागते. चाकांचं बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही, तर मागच्या प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) कोन बघा.

1. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करून चाकांना दगड लावा. जॅकवर हौसिंग (मागच्या एक्सलचं लोखंडी कवच) लोंबकळतं आणि माप चुकतं.

2. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) मागचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, आणि डिफरेन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरसंचाचा) फ्लँज, दोन्हीवरचं ग्रीस-माती पुसून मोबाइलच्या अ‍ॅपने कोन मोजा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (वळणारा सांधा) असेल तर हे फ्लँज समांतर हवेत. फरक 1 अंशाच्या आत ठेवा. (ट्रान्सफर केसकडे डबल क्रॉस असेल तर हा हिशोब लागू नाही; तिथे डिफरेन्शियलचं तोंड शाफ्टच्या रेषेत हवं.)

3. जितक्या अंशांचा फरक, तितक्याच अंशांची पाचर पाटे आणि हौसिंगच्या मध्ये, दोन्हीकडे सारखी. लोखंडीच घ्या, अ‍ॅल्युमिनियमची तडकू शकते.

शाफ्ट उतरवण्याआधी खुणा करा, दोन्ही योक (क्रॉस धरणारे शाफ्टच्या टोकांचे काटे) एका रेषेतच बसले पाहिजेत.

पाचर बसवल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर पाटे आणि हौसिंग आवळून धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. ते ढिले पडले तर हौसिंग जागचं सरकतं.