रविवारी चर्चमध्ये लग्न: हॉल नंतर, फादर आधी

आमच्या वसईत कॅथलिक घरात लग्न ठरलं की पहिला फोन हॉलवाल्याला जातो, दुसरा केटररला, तिसरा बँडवाल्याला. फादरांची आठवण पत्रिका छापायच्या वेळी होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्हीही तेच केलं. रविवारचा हॉल दुपारी साडेबाराचा घेतला आणि मग पॅरिश ऑफिसात (आमच्या चर्चच्या कचेरीत) गेलो, तर त्या दिवशी चर्च चारनंतरच मोकळं होतं. ॲडव्हान्स बुडाला, आणि आई आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

तारीख धरण्याआधी

रविवार आपल्या सोयीचा, कारण पाहुण्यांना सुट्टी असते. चर्चला मात्र तो आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा दिवस. सकाळच्या मिस्सा (वेदीवरचा मुख्य प्रार्थनाविधी), मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, एखादा बाप्तिस्मा, संध्याकाळची मिस्सा. लग्नाला जागा मिळते ती यांच्या मधल्या फटीत. त्यात आणखी एक अडचण बहुतेकांना ठाऊक नसते. चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायची असते. गरज असेल तर बिशप रविवारी जास्तीत जास्त तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. सकाळी दोन झालेल्या फादरांकडे तुमच्यासाठी एकच उरते, आणि त्याच दिवशी दुसरं लग्न असेल तर तीही वाटून घ्यावी लागेल.

वेळेला सरकारी चौकटही आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्नाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी आहे. सातनंतर लग्न लावायचं तर कॅथलिक धर्मगुरूंना त्यासाठी बिशपांची परवानगी लागते. वर एकवीस आणि वधू अठरा वर्षांची पूर्ण हवी, हे सांगायला नको.

आता कॅलेंडर उघडा. आगमनकाळात (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) बऱ्याच ठिकाणी लग्नं लावत नाहीत. लावलीच तर साधेपणाने, फुलांचा थाट न करता. गुड फ्रायडे आणि त्यानंतरचा शनिवार तर विसराच. उदाहरणादाखल २०२७ घ्या. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाची सुरुवात, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे नाताळासाठी गल्फहून आलेली माणसं परतण्याआधी लग्न उरकायचं तर १७, २४, ३१ जानेवारी आणि ७ फेब्रुवारी हे चार रविवार निर्धास्त. त्यांच्यावर तालुक्यातल्या निम्म्या घरांचा डोळा असणार. तेव्हा सहा महिने आधी जा. आठ महिने आधी गेलात तर कुणी हसणार नाही.

आणि मे महिना? मे २०२७ मध्ये पाच रविवार येतात. पहिले तीन पुनरुत्थानकाळातले (ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचा काळ), त्यातला १६ तारखेचा पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाचा. मग २३ ला पवित्र त्रैक्याचा आणि ३० ला ख्रिस्तशरीराचा सण. लग्न लागेल, पण मिस्सा त्या रविवारचीच होईल. प्रार्थना आणि वाचनं त्या दिवसाची, तुमच्या आवडीची नव्हेत. लग्नाचे शब्द आणि आशीर्वाद तेवढे त्यात येतील. सामान्यकाळातल्या (या खास काळांबाहेरच्या) रविवारी स्वतंत्र वेळेला लग्न असेल तर लग्नाची खास मिस्सा पूर्ण घेता येते. तेच लग्न गावाच्या रोजच्या रविवारच्या मिस्सेत असेल तर मिस्सा त्या दिवसाची होते आणि लग्नाचं एखादं वाचन घेता येतं. हे सगळं फादरांशी बोलून झाल्याशिवाय मिस्सेची पुस्तिका छापायला टाकू नका. ‘प्रेम सहनशील आहे, दयाळू आहे’ हा उतारा सोनेरी अक्षरात छापून घेतलेलं आणि प्रत्यक्षात वेदीवरून भलतंच वाचलं गेलेलं लग्न मी पाहिलंय. पाहुणे पानं उलटत बसले होते.

कागद

सगळ्यात जास्त घोळ बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा. आईच्या ट्रंकेत जपून ठेवलेला, लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथून ताजा काढावा लागतो, साधारण सहा महिन्यांच्या आतला. कारण त्या रजिस्टरच्या समासात त्या माणसाचा दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) आणि झालेलं असेल तर लग्न नोंदवलेलं असतं. नवा दाखला म्हणजे समासात आधीच्या लग्नाची नोंद नसल्याचा पुरावा. बाप्तिस्मा मंगळूरला किंवा कुवेतला झालेला असेल तर हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

दाखला हातात आला की उभ्याउभ्या स्पेलिंग तपासा. रजिस्टरमध्ये ‘लोपीस’ आणि पासपोर्टवर ‘लोपेस’ असेल, तर लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसाला हाच एक अक्षराचा फरक नडतो.

बाकीचे कागद सोपे आहेत: दृढीकरणाचा दाखला, दुसऱ्या पक्षाच्या पॅरिशचं हरकत नसल्याचं पत्र, आधार, फोटो आणि विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र. शिबिराच्या तारखा ठरलेल्या असतात आणि जागा भरतात. तुमची तारीख पक्की होण्याची वाट न पाहता नाव घालून टाका. जोडीदार गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर कोर्टाचा घटस्फोट पुरत नाही. ते लग्न मुळात वैध नव्हतं असा चर्चच्या न्यायासनाचा निकाल लागतो. एक पक्ष वसई धर्मप्रांतातला (एका बिशपांच्या अखत्यारीतला भाग) आणि दुसरा मुंबईचा असेल तर कुणाच्या शिक्क्याने काय जाईल, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

मग दोघांना वेगवेगळं बसवून फादर प्रश्न विचारतात: कुणाचा दबाव नाही ना, काही लपवलेलं नाही ना. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आईबापांनी दाराशी उभं राहू नये. त्यानंतर दोघांच्याही चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचली जातात. हे तीन रविवार तारखेपासून मागे मोजून ठेवा.

जोडीदार हिंदू किंवा मुसलमान असला तरी चर्चमध्ये लग्न लागतं, पण बिशपांकडून सूट मिळवावी लागते. ती चार दिवसांत येत नाही. असं लग्न साधारणपणे मिस्सेशिवाय लागतं, आणि मग त्या दिवशीची रविवारची मिस्सा पाहुण्यांना वेगळी करावी लागते. लग्नाची मिस्सा असेल तर तीच रविवारची धरली जाते.

मामा फादर असतील तर

आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक फादर मामा किंवा काका असतो आणि लग्न त्यांनीच लावावं अशी सगळ्यांची इच्छा. पण बाहेरच्या पॅरिशच्या फादरांना इथल्या प्रमुख धर्मगुरूंनी किंवा बिशपांनी त्या लग्नापुरता स्पष्ट अधिकार दिलेला असावा लागतो. नसेल तर मिस्सा होईल, फोटो निघतील, पण लग्न वैध ठरणार नाही. हा अधिकार लेखी घेतलेला बरा. माझ्या मावसभावाच्या लग्नात मामा झगा चढवत असताना ‘पत्र कुठेय?’ असा प्रश्न आला. प्रमुख धर्मगुरूंनी सॅक्रिस्टीतल्या (फादरांच्या तयारीच्या खोलीतल्या) टेबलावर, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी, उभ्याउभ्या दोन ओळी लिहून सही ठोकली. तोवर नवरी गाडीत एसी लावून बसली होती.

शनिवार आणि रविवार

रविवारी लग्न म्हणजे शनिवारी मांडव, उंबराचं पाणी आणण्याचा विधी आणि रात्री उशिरापर्यंत बँड. पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) शनिवारवर टाकलंत तर राहून जाईल. शुक्रवारी जाऊन या, अंगठ्याही त्याच दिवशी घालून बघा.

दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक पार्किंग शोधण्यात हरवू नये म्हणून त्याला सगळ्यांआधी चर्चमध्ये बसवा. फोटोग्राफरची फादरांशी आदल्या दिवशी गाठ घालून द्या. कुठवर उभं राहायचं हे त्यानेच त्यांच्या तोंडून ऐकलेलं चांगलं. आणि पत्रिकेवर खरी वेळ छापा. पाचचं लग्न साडेपाचला सुरू झालं तर साडेसहाच्या मिस्सेला आलेली माणसं दारात ताटकळतात आणि फादर प्रवचन आवरतं घेतात.

मिस्सेनंतर रजिस्टरवर सह्या होतात. घाई तिथेच होते: नवरीचा वेल टेबलाला अडकतो, पेन चालत नाही, बाहेर बँड सुरू झालेला असतो. तरी सही करण्याआधी दोघांची नावं, जन्मतारखा आणि आईवडिलांची नावं बोट ठेवून वाचा. हे काम नवरा-नवरीवर सोडू नका; त्यांना त्या क्षणी काही दिसत नसतं. घरातला एक शांत माणूस त्यासाठी नेमा. दाखला नंतर कामाच्या दिवशी ऑफिसातून घ्या, दोन-तीन प्रती. बाप्तिस्म्याच्या चर्चला लग्नाची कळवणी गेली का, तेही तेव्हाच विचारा.