इंग्रजीच्या तासाला युक्तिवाद शिकवताना या चुका टाळा

आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मोबाईल शाप की वरदान, गणवेश हवा की नको, ऑनलाइन शिक्षण चांगलं की वर्गातलं, या विषयांवर मुलं पानं भरतात. मार्कही मिळतात. पण त्या पानांत युक्तिवाद शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. इंग्रजी सुधारलं की हे आपोआप सुधारेल, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. व्याकरणाची एकही चूक नसलेले आणि आतून पोकळ असलेले परिच्छेद मी भरपूर तपासले आहेत. समोरचा नेमकं काय म्हणाला हे समजून घेण्याआधीच मुलं उत्तर द्यायला लागतात, हे खरं दुखणं आहे. आणि ही सवय त्यांना आपणच लावतो.

प्रत्येक मुद्द्याला 'नॉट' लावून काउंटरव्ह्यू

व्ह्यू-काउंटरव्ह्यू हा लेखनप्रकार महाराष्ट्र बोर्डाच्या शाळांत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एका बाजूचे मुद्दे दिलेले असतात, मुलाने दुसरी बाजू लिहायची. यावर क्लासमध्ये एक 'ट्रिक' शिकवली जाते आणि आता ती शाळेतही आली आहे: दिलेलं प्रत्येक वाक्य घ्या, त्यात 'नॉट' घाला, काउंटरव्ह्यू तयार.

एका सराव परीक्षेचे पेपर तपासताना हा प्रकार मी अगदी टोकाला गेलेला पाहिला. विषय ऑनलाइन शिक्षणाचा होता. व्ह्यूमध्ये एक मुद्दा होता की रेकॉर्ड केलेला तास परत परत पाहता येतो. गठ्ठ्यात एकामागून एक पेपर निघत गेले आणि त्यांत तेच वाक्य, 'रेकॉर्डेड लेक्चर्स कॅनॉट बी वॉच्ड अगेन.' ही मतभेदाची गोष्टच नव्हे, हे सरळ सरळ खोटं आहे. त्यातला एक मुलगा वर्गात हुशार म्हणून ओळखला जाणारा. त्याला बोलावून विचारलं, "अरे, मोबाईलवर रेकॉर्डिंग परत बघता येतं की नाही?"

"येतं, मॅडम."

"मग इथे 'कॅनॉट' का लिहिलंस?"

"मॅडम, काउंटरव्ह्यू आहे ना!"

त्याला काही खटकलंच नव्हतं. विरोधी बाजू लिहायची म्हणजे खरं-खोटं बाजूला ठेवायचं, हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं आणि त्यासाठी मार्कही दिले होते. पंधरा वर्षांच्या मुलाला परीक्षेसाठी का होईना, डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाकारायची सवय लावणं मला गंभीर वाटतं. वेळ वाचतो म्हणून ही ट्रिक शिकवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

यावर माझा उपाय ठरलेला आहे. काउंटरव्ह्यू लिहिण्याआधी 'आय अग्री दॅट' असं सुरू होणारं एक वाक्य लिहायचं. समोरच्याचा कोणता मुद्दा तुला मान्य आहे? तो मान्य करून मग सांग की तरीही त्याचा निष्कर्ष का टिकत नाही. रेकॉर्डिंग परत पाहता येतं, कबूल. पण आपल्याला काय कळलं नाही हे ज्याला माहीत आहे त्यालाच परत पाहण्याचा उपयोग होतो, आणि रेकॉर्डिंगला शंका विचारता येत नाही. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, कबूल. तो वेळ अभ्यासात जातोच, हे मात्र अजून दाखवायचं आहे. नववीतली मुलं हे करू शकतात. पहिले काही दिवस 'आय अग्री' लिहिताना त्यांचा हात अडखळतो, कारण मान्य करणं म्हणजे हरणं असं त्यांना वाटत असतं.

ही भीती घालवायला मी डॉ. आंबेडकरांचं एक वाक्य फळ्यावर लिहिते. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी इंग्रजीत भाषण लिहिलं. परिषदच रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, असं तिचे समर्थक म्हणत. श्रमविभागणी प्रत्येक सुधारलेल्या समाजाला लागते, हे आंबेडकर नाकारत नाहीत. ते म्हणतात की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. इंग्रजीत 'लेबर' आणि 'लेबरर्स' एवढाच फरक. समोरच्याच्या पायाखालची जमीन त्यांनी त्याच्याच मुद्द्यावर उभं राहून काढून घेतली. पुढे गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्या भाषणावर टीका केली, तेव्हा 1937 च्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका परिशिष्टात छापली आणि त्यापुढे आपलं उत्तर दिलं. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतही आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष असाच क्रम असतो. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचं. ते मोडकं करून मांडलं, तर त्याचं खंडन करून हाती काही लागत नाही.

'अनलेस'चं रूपांतर करून पुढे जाणं

व्याकरणाच्या कुठल्याही गाईडमध्ये हे वाक्य सापडेल: 'इफ यू डू नॉट वर्क हार्ड, यू विल फेल.' याचं 'अनलेस' वापरून रूपांतर करा. मुलं पटकन करतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या वाक्याला जातो. त्या खुणेपाशी थांबायला हवं, कारण तर्काचा सगळ्यात मोलाचा धडा त्याच वाक्यात पडून असतो.

मी तिथे प्रश्न विचारते. राजूने कष्ट केले. तो पास होणार का? सगळा वर्ग 'येस मॅडम' म्हणतो. वाक्य परत वाचा. कष्ट न करणाऱ्याचं काय होईल एवढंच त्यात सांगितलं आहे. कष्ट करणाऱ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. बरं, राजू नापास झाला. म्हणजे त्याने कष्ट केले नव्हते? तेही सांगता येत नाही, ऐन परीक्षेत तो आजारी पडला असेल. राजू पास झाला, तर? आता मात्र या वाक्यावरून खात्रीने म्हणता येतं की त्याने कष्ट केले होते. इथे वर्गात गडबड सुरू होते, मुलं एकमेकांशी भांडायला लागतात. ती भांडू द्यावीत. अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत हा तास गुंडाळणाऱ्या नव्या शिक्षकांना मी कळकळीने सांगते, दोन रूपांतरं कमी झाली तरी चालतील.

कारण हीच चूक पुढे निबंधात येते. 'मोबाईल वापरला तर मुलांचं लक्ष विचलित होतं, म्हणून मोबाईलवर बंदी घातली की मुलांचं लक्ष लागेल.' पहिलं वाक्य खरं धरलं तरी दुसरं त्यातून निघत नाही. खिडकीबाहेरची वरातही लक्ष विचलित करते. न्यायशास्त्र म्हणजे आपल्याकडचं प्राचीन तर्कशास्त्र, त्यातलं जुनं उदाहरण इथे फार कामाला येतं. धूर आहे तिथे अग्नी आहे, म्हणून अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. हे शास्त्र मानणारे जुने पंडित, म्हणजे नैयायिक, यासाठी तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देत. आपल्या मुलांना घरची गॅसची शेगडी पुरते.

एखाद्या ऑफ तासाला पुठ्ठ्याची चार कार्डं घेऊन जा. पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1966 साली हे कोडं मांडलं. कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात ए, के, चार आणि सात. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला आहे का हे तपासायला कोणती कार्डं उलटावी लागतील? बहुतेक जण ए आणि चार म्हणतात, मोठी माणसंसुद्धा. बरोबर उत्तर ए आणि सात. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, पण सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

मग हेच कोडं बदलून सांगा. दुचाकी चालवत असेल तर लायसन्स हवं. चार माणसं आहेत. एक गाडी चालवतोय, एक बसस्टॉपवर उभा आहे. एकाकडे लायसन्स आहे, एकाकडे नाही, पण हे दोघं काय करतायत ते माहीत नाही. पोलिसाने कुणाकुणाची चौकशी करायची? मागच्या बाकावरून लगेच उत्तर येतं: चालवणाऱ्याची आणि लायसन्स नसलेल्याची. कोडं तेच आहे, फक्त नियम ओळखीचा झाला. ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी 1982 साली बिअर पिण्याच्या वयोमर्यादेचा नियम वापरून हेच दाखवलं होतं. म्हणून तर्क शिकवताना पी आणि क्यू ही चिन्हं पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नका. आधी लायसन्स, मग अक्षरं.

तर्कदोषांच्या नावांची यादी पाठ करून घेणं

'फॅलसीजची पीडीएफ आहे का?' ही मागणी शिक्षकांच्या ग्रुपवर सतत येते. मी कधीच पाठवत नाही.

एका आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत शाळेत मोबाईल आणू द्यावा का, असा विषय होता. एका मुलीने आपल्या वर्गाचा अनुभव सांगितला. प्रकल्पासाठी आठवडाभर मोबाईल आणायची परवानगी मिळाली. सुरुवातीला काम झालं, मग मागच्या बाकांवर गेम सुरू झाले, शेवटी बाईंना सगळे मोबाईल गोळा करून कपाटात ठेवावे लागले. साधं इंग्रजी, पण एकेक पायरी दाखवलेली. प्रतिस्पर्धी मुलगा उभा राहिला आणि ठसक्यात म्हणाला, "धिस इज स्लिपरी स्लोप!" टाळ्या पडल्या. परीक्षकांनीही त्यालाच उचलून धरलं. ती मुलगी गोंधळून खाली बसली.

तिच्यावर अन्याय झाला. एका पायरीवरून थेट तळाशी घसरण दाखवली आणि मधल्या पायऱ्यांना आधार दिला नाही, तर तो दोष. तिने आधार दिला होता. तिच्या मांडणीत खरी फट दुसरीकडे होती: एका वर्गाचा एका आठवड्याचा अनुभव सगळ्या शाळांना लावता येईल का? हा प्रश्न त्या मुलाने विचारला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण तो ऐकत नव्हता, पाठ केलेल्या यादीतलं कोणतं नाव चिकटवता येईल एवढंच शोधत होता. न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याला पाडणं. यादी पाठ केलेली मुलं सरळ तिसऱ्या प्रकारात जातात.

माझ्या वर्गात नियम आहे: दोषाचं नाव घ्यायचं नाही. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, त्याने 'हो, मी हेच म्हणालो' असं कबूल केल्यावरच काय बिघडलंय ते पूर्ण वाक्यात बोलायचं. नावं वर्षाच्या शेवटी सांगते. तोवर मुलांनी ते दोष स्वतः पकडलेले असतात.

'बिकॉज' लिहिलं म्हणजे कारण दिलं असं धरून चालणं

'गणवेश हवा, बिकॉज सगळे सारखे दिसतात.' यात दावा आहे, कारण आहे, पण दोघांना जोडणारा सांधा नाही. सारखं दिसल्याने काय होतं? स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने 1958 साली या सांध्याला 'वॉरंट' म्हटलं. न्यायशास्त्रात अनुमान मांडण्याच्या पाच पायऱ्यांत, म्हणजे अवयवांत, तो तिसऱ्या, 'उदाहरण' या अवयवात येतो: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. वर्गात मला यासाठी 'सो व्हॉट?' हे दोनच शब्द लागतात. प्रत्येक 'बिकॉज'नंतर शेजारच्या मुलाने ते विचारायचे. सारखे दिसल्याने गरीब-श्रीमंत फरक लपतो, असं उत्तर आलं की कुणीतरी लगेच बूट आणि दप्तरं दाखवतं. मग खरी चर्चा सुरू होते.

आणखी काही, थोडक्यात

'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' या वाक्यावर मी वर्गात बंदी घातली आहे. निष्कर्ष टाळायची ती पळवाट आहे.

'अकॉर्डिंग टू अ सर्व्हे, एटी पर्सेंट स्टुडंट्स' असं दिसलं की मार्क कापा. सर्व्हे कुणी केला, कधी, कुठे, हे सांगता येत नसेल तर आकडा खोडायचा.

'मोरओव्हर', 'फर्दरमोर', 'ऑन दि अदर हँड' यांची यादी पाठ करून घेऊ नका. तपासताना मी हे शब्द पेन्सिलने खोडते आणि परिच्छेद परत वाचते. अर्थामध्ये काहीच फरक पडला नाही, तर जोड मुळात नव्हतीच.

भ्रष्टाचार, प्रदूषण, दहशतवाद हे विषय देऊ नका. मुलं त्यावर फक्त ऐकलेलं लिहितात. ग्रंथालयाचा तास शेवटचा असावा का, हा विषय द्या. त्यातलं सगळं त्यांना स्वतःला माहीत असतं.

वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारा मुलगा वादात चांगला असेलच असं धरू नका. पाठ केलेलं भाषण मध्येच अडवून एक प्रश्न विचारा, लगेच कळेल.

पहिल्या मिनिटापासून इंग्रजीचा हट्ट

याबाबत माझं अनेक सहकाऱ्यांशी पटत नाही. इंग्रजीचा तास आहे म्हणून इंग्रजीतच बोला, असं म्हटलं की मराठी माध्यमातली मुलं विचार करणं सोडून शब्द शोधायला लागतात. जे वाक्य येतं तेच त्यांचं मत होऊन बसतं. मी पहिली वीस मिनिटं मराठीत भांडू देते. फळ्यावर दावा, कारण आणि सांधा मुलांच्याच मराठीत लिहिते. मग वही उघडायची आणि तेच इंग्रजीत उतरवायचं. इंग्रजी तुटकं येतं, पण मुद्दा शाबूत असतो, आणि तुटकं इंग्रजी दुरुस्त करता येतं.

तपासतानाही हाच क्रम ठेवा. पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेऊच नका. पेन्सिलीने समासात फक्त 'व्हाय?' आणि 'सो व्हॉट?' लिहा आणि वही परत द्या. स्पेलिंग आणि काळाच्या चुका दुसऱ्या खर्ड्यात बघा. मुलाने आपला मुद्दा सावरताना बरीचशी वाक्यं पुन्हा लिहिलेली असतात, त्यामुळे पहिल्या खर्ड्यातल्या अनेक चुका तोवर गेलेल्या असतात.