ओंटारियोत लँडस्केप एस्टिमेटर व्हायचं असेल तर

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा बी. ई. करून, नाहीतर दापोली-राहुरीकडची कृषी वा उद्यानविद्येची पदवी घेऊन टोरोंटोच्या परिसरात आला असाल, तर गोदामातली रात्रपाळी कायमची धरण्याआधी लँडस्केप एस्टिमेटिंगकडे एकदा नीट बघा. ड्राइव्हवे, पॅटिओ, रिटेनिंग वॉल, शाळांची मैदानं, नगरपालिकेची उद्यानं, अशा कामांचा खर्च आधी काढून देणारा माणूस म्हणजे एस्टिमेटर. याला पी. इंज.चं, म्हणजे व्यावसायिक इंजिनिअरचं, लायसन्स लागत नाही. ड्रॉइंग वाचता येत असेल आणि क्वांटिटी काढायची सवय असेल, तर निम्मी तयारी झालेलीच आहे.

उरलेली निम्मी इथेच करावी लागते. आपल्याकडे क्वांटिटी काढली, डीएसआर म्हणजे सरकारी दरसूची उघडली, दर लावला की अंदाजपत्रक तयार; मजुरी त्या दरातच धरलेली असते. इथे लँडस्केपच्या कामाला तशी दरसूची हाताशी नसते. प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः बांधते आणि तो बांधते माणसांच्या तासांवर. मुलाखतीत ब्लूबीम येतं का, एलएमएन येतं का असं विचारतील. ती सॉफ्टवेअरं महिनाभरात हाताखाली येतात. तुमची पारख होते ती तीन जणांच्या क्रूला एखादं काम किती तास लागेल, या प्रश्नावर.

एक साधं उदाहरण घ्या. घराच्या मागच्या अंगणात ५०० चौरस फुटांचा पेव्हर ब्लॉकचा पॅटिओ. खोदाई साधारण फूटभर, म्हणजे ५०० घनफूट, आपल्या हिशोबाने पाच ब्रास. इथे कोणी ब्रास म्हणत नाही. २७ घनफुटांचा एक घनयार्ड, तेव्हा साडेअठरा घनयार्ड झाले. उकरलेली माती फुगते. पंचवीस टक्के धरली तर ट्रकमध्ये तेवीस घनयार्ड जाणार. खाली आठ इंच ग्रॅन्युलर ‘ए’ खडी दाबून बसवायची. ती विकत मिळते टनावर, तेव्हा वीस-बावीस टन मागवायची. महापालिकेच्या ड्रॉइंगवर हेच सगळं मीटरमध्ये येतं. पहिले काही महिने फूट, यार्ड, मीटर, टन यांची उलटसुलट रूपांतरं हाताने करा, कॅल्क्युलेटरला उशिरा हात लावा. आकडा चुकीचा दिसला की तो लगेच खटकायला हवा, आणि ती नजर हाताने हिशोब केल्याशिवाय येत नाही.

आता साइटवर जा आणि बाजूच्या फाटकाची रुंदी मोजा. छत्तीस इंच मोकळे मिळाले तर उभ्याने चालवायचा छोटा लोडर, ज्याला सगळे डिंगो म्हणतात, तो जेमतेम आत शिरतो. वाटेत एसीचं युनिट किंवा गॅसचं मीटर आलं की संपलं. मग ती सगळी माती ढकलगाडीने बाहेर काढायची आणि वीस टन खडी त्याच वाटेने आत न्यायची. सहा घनफुटांची ढकलगाडी धरली, तरी नुसत्या मातीच्याच शंभरावर फेऱ्या होतात. शेजारच्या घरी तितकाच पॅटिओ असेल, ड्रॉइंगही तेच असेल, पण तिथे फाटक रुंद असेल तर मजुरीचा आकडा पार वेगळा येतो. चांगला एस्टिमेटर टेप घेऊन आधी फाटकाकडे जातो.

म्हणूनच माझा आग्रह आहे की जमलं तर एक सीझन क्रूवर काढा. एप्रिल ते नोव्हेंबर, पायात सीएसएचे सेफ्टी बूट, हातात फावडं. बी. ई. होऊन हे काम करतोय असं घरी सांगायला जड जातं, याची मला कल्पना आहे. तरीही करा. रोज संध्याकाळी वहीत लिहा: माणसं किती होती, तास किती लागले, किती चौरस फूट बसवलं, पाऊस होता का. हीच तुमची डीएसआर.

पण पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर असाल तर इथे जपून. कॅनडा सरकार कामांची प्रतवारी ‘टीअर’मध्ये करतं. लँडस्केप मजुराचं काम टीअर ५ मध्ये मोडतं आणि कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लाससाठी, म्हणजे इथल्या अनुभवावर पीआर मिळवायच्या मार्गासाठी, ते धरत नाहीत. कन्स्ट्रक्शन एस्टिमेटर (सरकारी व्यवसाय-यादीतला, म्हणजे एनओसीचा, क्रमांक २२३०३) टीअर २ मध्ये येतो, तो अनुभव धरतात. परमिटची मुदत थोडीच उरली असेल तर पूर्ण सीझन मजुरीत घालवू नका. ज्युनियर एस्टिमेटर म्हणून लागा आणि शनिवारी क्रूबरोबर जायची परवानगी मागा. कंपनीच्या अनुभवपत्रात लिहिलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम एकच हवं, त्यात कुणाच्याही सांगण्यावरून फेरफार करू नका.

हिशोबातली एक गोष्ट पक्की करा. खर्च १०,००० डॉलर आणि त्यावर २० टक्के चढवले तर किंमत १२,००० होते, पण नफा किमतीच्या १६.७ टक्केच राहतो. वीस टक्के नफा उरायला हवा असेल तर ०.८० ने भागायचं, म्हणजे १२,५००. कामगाराच्या तासात पगाराखेरीज सीपीपी (पेन्शन), ईआय (बेकारी विमा), डब्ल्यूएसआयबी (कामावरच्या अपघातांचा विमा) आणि सुट्टीचे चार टक्के धरायचे. १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, वेगळा. ओंटारियोच्या कायद्याप्रमाणे बिलातले १० टक्के होल्डबॅक म्हणून काम देणारा रोखून ठेवतो, तेव्हा हातात पैसा कधी येतो हेही बघावं लागतं.

झाडांच्या कामात नुसत्या रोपाची किंमत लावून भागत नाही. ६० मिलिमीटर कॅलिपरचं (खोडाच्या जाडीचं) झाड मातीच्या मोठ्या गोळ्यासकट येतं, ते उतरवायला यंत्र लागतं. पुढे एक किंवा दोन वर्षांची हमी असेल तर पाणी घालणं आणि मेलेली झाडं बदलणं, हा खर्च आजच धरायचा. खोदाईआधी ओंटारियो वन कॉलकडून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याला पैसे पडत नाहीत, पण दिवस जातात, आणि ते दिवस वेळापत्रकात दिसायला हवेत.

नोकरी शोधायची ती हिवाळ्यात. जानेवारी ते मार्च टेंडरं निघतात, कंपन्या नव्या सीझनसाठी माणसं घेतात. लँडस्केप ओंटारियो या व्यवसाय-संघटनेचं ‘काँग्रेस’ हे प्रदर्शन जानेवारीत टोरोंटोत भरतं. तिथे जा आणि स्टॉलवरच्या माणसांशी कामाबद्दल बोला, रिझ्युमे नंतर पाठवा. १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना जाहिरातीत कॅनेडियन अनुभवाची अट घालता येत नाही, तेव्हा त्या भीतीने अर्ज करायचं सोडू नका. वर्षभराने सीआयक्यूएस या क्वांटिटी सर्व्हेयरांच्या संस्थेच्या सीईसी (एस्टिमेटरच्या) प्रमाणपत्राचा विचार करता येईल, सुरुवातीला त्यावर पैसे घालायची गरज नाही.

मुलाखतीला जाताना स्वतः काढलेलं एक अंदाजपत्रक न्या. ओळखीच्या कुणाचंही अंगण चालेल, मोजमाप मात्र तुमचं हवं. प्रत्येक आयटमसमोर तास लिहा आणि ते तास कुठून आले तेही लिहा. समोरचा त्या तासांवरच वाद घालेल, तेव्हा घाबरू नका, तुमचं गणित सांगा आणि त्याचं ऐकून घ्या.