‘येसोद’ म्हणजे पाया. पण हा हिब्रू शब्द वाचताना या चुका टाळा

मराठी बायबलमध्ये ‘पाया’ दिसला की मुळात ‘येसोद’ असणारच, असं धरून चालणं ही सर्वांत मोठी चूक. अभ्यासवर्गांत आणि प्रवचनांत ती वरचेवर होते. स्तोत्र 11:3 मध्ये पायाच ढासळला तर नीतिमानाने काय करावं, असा प्रश्न आहे. तिथला शब्द ‘शातोत’ आहे, येसोद नव्हे. स्तोत्र 89:14 मध्ये नीती आणि न्याय देवाच्या राजासनाचा आधार आहेत. तिथे ‘माखोन’ येतो, तो ‘कून’ या वेगळ्याच धातूपासून झालेला. ईयोब 38:6 मध्ये पृथ्वीच्या आधारांसाठी ‘अदानिम’ आहे. निवासमंडपाच्या, म्हणजे अरण्यातल्या तंबूसारख्या उपासनास्थळाच्या, फळ्या ज्या चांदीच्या बैठकांत बसवत, त्यांचंही हेच नाव (निर्गम 26:19). एज्रा 5:16 तर हिब्रू नाहीच, तो भाग अरामी आहे. म्हणून शब्दावर बोलण्याआधी स्ट्राँगचा क्रमांक, म्हणजे स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा, बघायची सवय लावून घ्या: धातू ‘यासद’ 3245, नाम ‘येसोद’ 3247.

दुसरी चूक म्हणजे पाया म्हटला की जमिनीखालचा, न दिसणारा भाग डोळ्यांसमोर आणणं. लेवीय 4 वाचताना इथेच गाडी अडते. याजक पापार्पणाचं थोडं रक्त वेदीच्या शिंगांना लावतो आणि उरलेलं होमवेदीच्या ‘येसोद’पाशी ओततो. इथे येसोद म्हणजे वेदीचा तळाचा, उघड दिसणारा भाग. यरुशलेमच्या मंदिरातल्या वेदीचं वर्णन मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात, ‘मिद्दोत’ या प्रकरणात आहे: वेदी एक हात वर चढते, मग एक हात आत सरते, आणि बाहेर उरलेला तो काठ म्हणजे येसोद. उत्तर आणि पश्चिम बाजूंना तो पूर्ण लांबीचा होता, दक्षिण आणि पूर्व बाजूंना जेमतेम एकेक हात. नैर्ऋत्य कोपऱ्यात दोन छिद्रं होती. ओतलेलं रक्त त्यांतून खालच्या पन्हळीत उतरून किद्रोन ओढ्याकडे वाहून जाई. हे वर्णन मंदिराच्या काळाचं आहे, अरण्यातल्या निवासमंडपाला ते जसंच्या तसं लावू नका. पण शब्द किती ठोस आहे, दगडामातीशी किती जोडलेला आहे, हे त्यातून नीट कळतं. ‘येसोद म्हणजे जीवनाची गूढ बैठक’ असं थेट सांगायला निघालेल्या माणसाने आधी हा काठ बघावा.

क्रियापदाचा आवाकाही लक्षात घ्यायला हवा. ‘यासद’ म्हणजे दर वेळी नवा पाया खणणं नव्हे. 2 इतिहास 24:27 मध्ये योवाश राजाने केलेल्या मंदिराच्या डागडुजीला ‘देवाच्या घराचा येसोद’ म्हटलं आहे, आणि मंदिर तर तेव्हा उभंच होतं. एज्रा 3 मध्ये बंदिवासातून परतलेल्यांचा नेता जरुब्बाबेल याच्या वेळी नव्या मंदिराचा पाया घातला गेला, पहिलं मंदिर पाहिलेली म्हातारी माणसं मोठ्याने रडली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, हाग्गय 2:18 मध्ये पारसाचा राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 520 मध्ये, पुन्हा पाया घातल्याचा दिवस येतो. लगेच ‘विसंगती’ म्हणून शिक्का मारण्याआधी थांबा. काम सुरू करणं, थांबलेलं काम पुन्हा हाती घेणं, हेही या क्रियापदात बसू शकतं. सगळे प्रश्न एवढ्याने सुटत नाहीत, पण निम्मा गोंधळ कमी होतो.

एस्तेर 1:8 मध्ये हेच क्रियापद राजाने कारभाऱ्यांना हुकूम देण्यासाठी आलं आहे. तिथे ‘पाया घातला’ असा अर्थ काढला तर वाक्यच बसणार नाही. स्तोत्र 2:2 मध्ये अधिपती एकत्र मसलत करतात, तिथलं ‘नोसदू’ याच अक्षरांचं असलं तरी अर्थ ‘पाया’ नव्हे.

नंतरच्या काळातले अर्थ मागे ढकलू नका. कब्बाला या यहूदी गूढवादातली ‘येसोद’ ही नववी सेफिरा (देवाच्या प्रकटीकरणाची एक पायरी) मध्ययुगातली कल्पना आहे, नीतिसूत्रे 10:25 ला ती चिकटवू नये. आधुनिक हिब्रूत ‘मोसाद’ म्हणजे संस्था. बायबलमध्ये त्याच धातूचं अनेकवचन डोंगरांच्या, पृथ्वीच्या पायांसाठी येतं.

आता शब्द सापडतच नसेल तर. धातूतलं पहिलं अक्षर ‘योद’ (हिब्रूतला ‘य’) दुबळं आहे, ते रूपांत कधी गळतं, कधी ‘वाव’ (हिब्रूतला ‘व’) होतं. त्यामुळे ‘मोसाद’ किंवा यशया 51:16 मधलं ‘लिसोद’ कोशात थेट शोधून मिळत नाही. सुरुवातीचा ‘म’ किंवा ‘ल’ काढून यासदखाली बघा. ओवी जुळत नसेल तर क्रमांक तपासा: मराठीतलं 1 राजे 5:17 हिब्रू प्रतीत 5:31 आहे, आणि स्तोत्र 89:14 तिथे 89:15. मग पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर आणि आपलं रोजचं भाषांतर शेजारी ठेवून तीच ओवी पुन्हा वाचा.