जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी

लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली ऑटोमॅटिक गाडी घेऊन कुणी गॅरेजला आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बॉक्स गेलाय म्हणतात." काय बघून म्हणाले, बॉक्सचं ऑइल तपासलं का, खालचं चेंबर (ऑइलचं भांडं) खोललं का, तर त्याचा पत्ता नाही. गाडी झटका मारते म्हणजे बॉक्स गेला, एवढंच. मी साताऱ्यात ही कामं करतो आणि प्रत्येकाला तळमळीनं एकच सांगतो : बॉक्स गाडीवर आहे तोवरच दोष सापडतो. कुठल्या गिअरला घसरतो, थंड असताना की तापल्यावर, ऑइलचा दाब किती, ते किती गरम, हे चालत्या गाडीतच कळतं. खाली उतरवून टेबलावर मांडला की हातात उरतो तो अंदाज आणि मालकाच्या नावावर मोठं बिल.

आधी आपली गाडी कुठल्या जातीची ऑटोमॅटिक आहे ते पक्कं करा. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्चुएटर करतो. तिचे झटके हा वेगळा विषय. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात, तिचं ऑइलही वेगळं, आणि दुसरं ओतलं तर पट्टा घसरून बॉक्स खरोखर जातो. मी इथं सांगतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला पोचते त्या), चार-पाच-सहा गिअरच्या जुन्या गाड्यांबद्दल.

पहिलं काम बॉक्सचं ऑइल. यात घाई करू नका. गाडी सपाट जागेवर लावा. आपल्याकडे गल्लीसुद्धा उताराची असते, म्हणून मुद्दाम सांगतो. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून ऑइल तापू द्या. ब्रेक दाबून लिव्हर पी (पार्किंग) पासून शेवटपर्यंत आणि परत पी पर्यंत सावकाश फिरवा, प्रत्येक जागी क्षणभर थांबा. यापुढे कंपनीनुसार रीत बदलते. बऱ्याच गाड्यांत, टोयोटाच्या पट्टीवाल्या गाड्या धरून, इंजिन चालू ठेवूनच ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) बघायची. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत बघायचं. रीत चुकली की पातळी चुकीची दिसते आणि माणूस वरून लिटरभर ओतून मोकळा होतो. जास्त ऑइलही वाईट. फिरणारे भाग त्यात घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेनं दाब बनत नाही. पट्टीच नसलेल्या गाड्यांत खालून लेव्हल प्लग असतो आणि तो ठरावीक तापमानालाच उघडायचा असतो. तिथं स्कॅनरवर (गाडीच्या कंट्रोलरला जोडून आकडे आणि दोषाचे कोड वाचायचं यंत्र) तापमान बघितल्याशिवाय पाना लावू नका.

पट्टीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर किंवा फिकट तपकिरी आणि आरपार दिसणारा असेल तर निम्मी काळजी गेली. गडद तपकिरी, पण वास नाही, म्हणजे वेळेत बदललेलं नाही. काळं, आणि वास जळक्या क्लचसारखा, तर आतल्या क्लचच्या प्लेटा भाजल्यात. आणि गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी तिथंच थांबवा. बऱ्याच गाड्यांत ऑइल थंड करायचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की कूलंट बॉक्समध्ये शिरतं आणि प्लेटांवरच्या अस्तराचा चिकटपणाच सोडवतं. अशी गाडी "गावापर्यंत नेतो" म्हणून चालवली तर वाचणारा बॉक्सही हातचा जातो.

मग फेरी. गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला सोडा, कारण सकाळची थंड सुरुवात मला स्वतःला बघायची असते. ब्रेकवर पाय ठेवून एन (न्यूट्रल) मधून डी (ड्राइव्ह) टाकला की साधारण सव्वा सेकंदाच्या आत गाडीनं हलकीशी ओढ घ्यायला हवी, रिव्हर्सला दीडच्या आत. त्याहून उशीर म्हणजे ऑइल कमी आहे, फिल्टर चोंदलाय किंवा आतली सीलं कडक झाल्यामुळे दाब गळतोय. यवतेश्वरचा चढ घेताना रेस दिली, आरपीएम चढला, पण गाडी उचलली नाही, तर ते घसरणं. एकाच गिअरला घसरत असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा त्याचा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह). सगळ्याच गिअरला घसरत असेल तर दाबच कमी, म्हणजे पुन्हा ऑइल, फिल्टर, पंप.

महामार्गावर नागठाण्याच्या दिशेनं ६० ते ८० च्या वेगात, हलक्या रेसवर गाडी थरथरते का बघा. रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर असेल तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचवर, म्हणजे वेग धरला की इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचवर. पण तशीच थरथर इंजिन मिस मारत असलं तरी येते. मागे गाडी नाही हे बघून, रेस तशीच ठेवून, डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागेल एवढाच. बहुतेक गाड्यांत त्या क्षणी लॉकअप सुटतं. थरथर थांबली तर कन्व्हर्टर किंवा ऑइल. तशीच राहिली तर स्पार्क प्लग आणि कॉइलकडे वळा.

काही दुखणी बॉक्सची नसतातच. डी किंवा आर टाकताना खालून धाडकन आवाज येतो, तेव्हा इंजिनचं फाउंडेशन (इंजिन बसतं ते रबरी माउंटिंग) फाटलेलं असू शकतं. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, कुणाला तरी ब्रेक दाबून डी-आर टाकायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघा. लिव्हर पी मधून निघतच नाही? मागचे ब्रेक लाइट लागतात का बघा. ब्रेकचा स्विच गेला की लिव्हरचं कुलूप सुटत नाही. लिव्हर डी वर आहे आणि समोरच्या मीटरवर त्याचं अक्षर उजळत नाही, तर लिव्हरची केबल सैल असू शकते. हे सगळं जाग्यावर होणारं काम आहे.

स्कॅनर लावताना एक लक्षात ठेवा. पी०७०० हा कोड म्हणजे फक्त निरोप आहे, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काही सांगायचंय. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये असतो आणि स्वस्तातला स्कॅनर तिथपर्यंत पोचत नाही. पी०७४१ लॉकअपचा, पी०७५० पासून पुढचे शिफ्ट सोलेनॉइडचे, पी०७१५ आणि पी०७२० स्पीड सेन्सरचे, पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. कोड कुठल्या कोपऱ्यात बघायचं ते सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. त्याआधी बॅटरी बघा : बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत १३.५ ते १४.५. बॉक्सपासून बॅटरीपर्यंतची अर्थिंग गंजली असेल तर सोलेनॉइड धड काम करत नाहीत आणि खोटे कोड येतात.

एक काम जरा सविस्तर सांगतो. चार गिअरची जुनी सेदान, दोन लाखांच्या पुढे पळालेली. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचली की गाडी तिसऱ्या गिअरलाच अडकायची, चेक लाइट लागायचा. सकाळी थंड झाली की एकदम नीट. मालकाला दुसरीकडे पूर्ण बॉक्स बदलायला सांगितलेलं. ऑइल तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता. कोड एका शिफ्ट सोलेनॉइडचा. तापल्यावरच बिघडते, म्हणजे तपासायचीही तापवूनच.

ऑइल काढून चेंबर उतरवलं. तळातल्या चुंबकांवर राखाडी लेप होता, बोटांत चोळला तर लोण्यासारखा मऊ, खर लागत नव्हती. एवढ्या किलोमीटरला तो असणारच. टोचणारे कण, पितळी चमक किंवा अस्तराचे काळे तुकडे असते तर मीच बॉक्स उतरवा म्हणालो असतो. सोलेनॉइडचं कपलर काढून मीटर लावला. थंडीत १२ ओम. अशा चालू-बंद होणाऱ्या सोलेनॉइडला साधारण ११ ते १५ ओम असतातच, म्हणजे इथं कुणीही "ठीक आहे" म्हणून पुढे गेला असता. मग सोलेनॉइड काढून हीट गननं हळूहळू तापवला, मीटर लावलेलाच. १३, साडेतेरा, १४. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच, तेवढं चालतं. त्यापुढे आकडा एकदम गायब. आतली तार तापून फाकत होती आणि थंड झाली की परत टेकत होती. एक सोलेनॉइड, नवा फिल्टर, चेंबरचं पॅकिंग आणि ऑइल. मालकांना पुन्हा पाचगणीला जाऊन यायला लावलं, स्कॅनर गाडीतच ठेवून. वर पोचेपर्यंत चारही गिअर पडले.

ऑइल बदलताना एका वेळी सगळं निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये बरंच राहतं. म्हणून काढलं तेवढंच मापून घाला, काही दिवस चालवा, पुन्हा काढा, असं तीनदा. मशीन लावून जोरानं फ्लश करणं मला जुन्या बॉक्सला पटत नाही. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल ज्यातून क्लचांकडे वळतं तो भाग) बारीक वाटांत जाऊन बसतो. ऑइल मात्र पुस्तकात लिहिलेलंच. "सगळ्याला चालतं" अशा डब्यावर एवढा महागडा बॉक्स सोपवू नका. चेंबरचे बोल्ट बारीक असतात, टॉर्क पान्यानंच कसा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात.

ऑइल काळं, जळका वास, चेंबरमध्ये अस्तराचे तुकडे आणि गाडी घसरते, असं सगळं एकत्र असेल तर नुसतं ऑइल बदलून काही होत नाही. तिथं बॉक्स उतरवायलाच हवा. मग अर्धं काम करू नका : क्लच प्लेटा, मधल्या स्टीलच्या प्लेटा, सगळी सीलं, आणि कन्व्हर्टरही. कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या नाहीत तर जुना चुरा नव्या बॉक्समध्ये परत येतो. हे काम दिसत नाही म्हणून गाळलं जातं, मालकानं विचारायलाच हवं. जोडल्यावर कंट्रोलरची जुनी शिकवण स्कॅनरनं पुसून घ्या, नाहीतर तो झिजलेल्या प्लेटांच्या हिशोबानंच दाब देत राहतो.

घाटात गाडी तापते ती चढाला. वेग कमी, रेस जास्त, लॉकअप सुटलेलं, आणि कन्व्हर्टरमधलं ऑइल नुसतं घुसळत राहतं. केळघरला किंवा कुंभार्लीला चढताना गाडी सारखी गिअर बदलत असेल तर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा किंवा खालच्या गिअरला लावा. चढावर थांबलात तर रेसवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी टेकू द्या, मग पी. नाहीतर सगळं वजन बॉक्समधल्या, पी ला गाडी अडवणाऱ्या एका खिळीवर येतं.

आणि वाटेत बंद पडलीच तर टोचन करून नेऊ देऊ नका. बॉक्समधला ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत म्हणजे आतले भाग कोरडे घासतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर निदान पुढची चाकं उचलूनच न्यायची; फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारी) मिळाली तर उत्तम. ती येईपर्यंत गाडी एन मध्ये टाकून माणसांनी ढकलत रस्त्याच्या कडेला घेतली तर चालतं, तेवढ्यानं बॉक्सला काही होत नाही.