सिस्टर-इन-लॉ दोन झाल्या तर एस कुठे लावायचा?

परवा फॅमिली ग्रुपवर मीच लिहिलं, ‘माय सिस्टर-इन-लॉज आर कमिंग’, आणि भाचीने लगेच चूक काढली. तशी इंग्रजी या बाबतीत कंजूषच, वहिनी, नणंद, जाऊ, मेव्हणी सगळ्यांना मिळून एकच शब्द, पण त्याच दोन झाल्या की नखरे सुरू.

ट्रिक सोपी आहे. स्वतःला विचारायचं, दोन काय आहेत? दोन लॉ नाहीयेत, दोन सिस्टर आहेत, म्हणून सिस्टर्स-इन-लॉ. तसंच पासर्स-बाय, रनर्स-अप, एडिटर्स-इन-चीफ, पॉइंट्स ऑफ व्ह्यू. मुख्य नाम शोधायचं आणि एस त्यालाच चिकटवायचा, मग ते मधे असो की पुढे.

खरी गोची जनरलवाल्या शब्दांत होते. अ‍ॅटर्नी जनरलमध्ये जनरल हा लष्करातला माणूस नाही, ते विशेषण आहे, म्हणून अ‍ॅटर्नीज जनरल, आणि आपल्याकडे प्रत्येक राज्याला असतो तो अ‍ॅडव्होकेट जनरल, ते अनेक झाले की अ‍ॅडव्होकेट्स जनरल. पण मेजर जनरलमध्ये जनरल हाच हुद्दा, तिथे मेजर जनरल्स. आता विशेषण मागे का गेलं म्हणाल तर 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक वर्षं कोर्टकचेरीत फ्रेंच चालली, फ्रेंचमध्ये विशेषण बहुतेक वेळा नामाच्या मागे येतं. नोटरी पब्लिक, कोर्ट मार्शल, एअर अपॅरंट (म्हणजे गादीचा वारस) ही सगळी त्याच घरातली मंडळी, म्हणून पुस्तकी रूपं नोटरीज पब्लिक, कोर्ट्स मार्शल. कोर्ट मार्शल्स पण हल्ली डिक्शनरीत सापडतं, त्यावरून कुणाशी भांडू नका.

शब्दात धड नामच नसेल तर डोकं लावायचं नाही, एस सरळ शेवटी. ग्रोन-अप्स, गो-बिटवीन्स, फर्गेट-मी-नॉट्स. चेक-इन्स पण तसंच.

कधीकधी दोन्हीकडे बदल होतो आणि ते मराठी माणसाला पटकन कळायला हवं, कारण आपण बाईमाणूसचं बायामाणसं करतोच ना! वुमन डॉक्टरचं विमेन डॉक्टर्स, मॅनसर्व्हंटचं मेनसर्व्हंट्स. पण मॅन-ईटरचं मॅन-ईटर्सच, कारण तिथे मॅन हा खाणारा नाही, वाघाच्या पोटात गेलेला आहे, त्याला कोण मोजतंय.

रेसिपी लिहिणाऱ्यांनी टू स्पूनफुल्स लिहा. टू स्पून्स फुल म्हटलं की दोन वेगळे भरलेले चमचे टेबलावर ठेवलेत असं वाटतं.

शॉर्ट फॉर्ममध्ये मात्र सगळे नियम गुंडाळून ठेवायचे. प्रिझनर्स ऑफ वॉर, पण पीओडब्ल्यूज. मेंबर्स ऑफ पार्लमेंट, पण एमपीज.

आणि हो, माझं ते सिस्टर-इन-लॉज अगदीच वाया गेलं नाही. एकाच वहिनीचं काही असेल तेव्हा अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि एस शेवटीच लागतो, माय सिस्टर-इन-लॉज कार, ऐकायला तेच, अर्थ वहिनीची गाडी. दोन वहिन्यांची मिळून एक गाडी असेल तर सिस्टर्स-इन-लॉज असं दोन्हीकडे एस लावून लिहिता येतं, पण ते इतकं विचित्र दिसतं की मी सरळ वाक्यच बदलते.