इंधन डेपोतला वाफेच्या ढगाचा स्फोट: तपासाला निघण्यापूर्वीची तयारी

पहिला फोन सीसीटीव्हीसाठी. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) जुन्या चित्रणावरच नवं चढवत जातो, म्हणून डेपोचंच नव्हे तर शेजारच्या कारखान्यांचं रेकॉर्डिंगही थांबवून मूळ डिस्क सीलबंद करायला सांगा. 2005 साली इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोत असाच स्फोट झाला, तेव्हा जमिनीलगत पसरणारं पांढरं धुकं कॅमेऱ्यांतच दिसलं आणि वाफेचा ढग कुठवर गेला ते त्यावरून ठरवता आलं. प्रत्येक डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून फरक लिहा, नाहीतर गळती आधी की ठिणगी आधी, इथेच घोळ होतो.

त्याच दिवशी कंट्रोल रूममधल्या टाकीची पातळी, पंप आणि अलार्म यांच्या नोंदी मूळ फाइलमध्ये मागा; छापील आलेखावर भागत नाही. माल आत येतोय आणि पातळीची रेघ सपाट आहे, म्हणजे पातळी मोजणारं गेज अडकलंय. बन्सफील्डच्या 912 क्रमांकाच्या टाकीत पहाटे तीनच्या सुमारास हेच झालं, आणि टाकी काठोकाठ भरण्याआधी माल थांबवणारा वरचा स्वतंत्र हाय-लेव्हल स्विचही चालला नाही. अशा स्विचची चाचणीची दांडी कुठे आहे, तिला कुलूप आहे का, याचा फोटो निघेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. व्हॉल्व्हचंही तसंच: फिरवून बघू नका, स्टेमचे (व्हॉल्व्हच्या दांड्याचे) किती आटे बाहेर आहेत ते मोजा. 2009 च्या जयपूर इंधन डेपोच्या दुर्घटनेत पेट्रोल टाकीच्या लाइनवरच्या हॅमर ब्लाइंडमधून (लाइन पक्की बंद करायची चकती बसवतात त्या जागेतून) उसळलं होतं, त्यामुळे ब्लाइंडची स्थिती वेगळी टिपा. हवामान केंद्राकडून वाऱ्याचा वेग घ्या. दोन्ही ठिकाणी वारा जवळजवळ पडलेला होता.

बॅगेत गॅस मीटर हवा, निघण्याआधी गॅस देऊन तपासलेला. मिथेनवर कॅलिब्रेट केलेला मीटर पेट्रोलची वाफ कमी दाखवतो, हे फार धोक्याचं आहे. आकडा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांवर गेला की बाहेर या. वाफ हवेपेक्षा जड असल्याने गटारं आणि डाइकचे (टाकीभोवतीच्या बांधाचे) कोपरे आधी तपासा, आणि पेट्रोलमधल्या विषारी बेंझीनसाठी वेगळा मीटर ठेवा.

मोजपट्टी, नंबरचे टॅग आणि जीपीएस सर्व्हेचं यंत्र घ्या. लोखंडाजवळ होकायंत्र चुकतं. वाकलेले दिव्याचे खांब, चेपलेले ड्रम, पत्र्याची कपाटं, गाड्या, प्रत्येकाची जागा, दिशा आणि कुठली बाजू आत गेली ते नोंदवा. जागेवर अर्थ लावू नका: स्फोट डिटोनेशनपर्यंत (ध्वनीपेक्षा वेगाने पसरणाऱ्या स्फोटापर्यंत) गेला असेल तर या खुणा, वाटतं तसं उगमापासून दूर नव्हे, उगमाकडेच बोट दाखवतात. झाडांच्या दाट रांगांनी ज्वाळेचा वेग वाढतो, म्हणून त्यांची रुंदी आणि फांद्यांची जाडी तोडणीआधी मोजा. ढिगारा उपसणाऱ्या क्रेनपुढे तुमचा एक फोटोग्राफर सतत राहील, हे अग्निशमन प्रमुखांशी आधीच ठरवून घ्या.